काच खाणारे आम्ल

आम्ले काचेच्या बाटलीत ठेवायची, हे आपण शाळेत शिकलो. गंधकाम्लालाही काच दाद देत नाही. पण एक आम्ल काचेलाच खाते. जुन्या दारांच्या काचांवरची धुरकट वेलबुट्टी दिसली, की मला ते आठवते.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा काच-कोरागीर हाइनरिश श्वानहार्ट याच्या चष्म्यावर १६७० च्या सुमारास आम्लाचा थेंब पडला आणि काच पांढुरली, त्यातून त्याला ही युक्ती सुचली, अशी गोष्ट सांगतात. पक्का पुरावा मात्र १७७१ चा. स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शील या औषधविक्याने फ्लोरस्पार नावाचे खनिज गंधकाम्लात घालून काचेच्या पात्रात तापवले, तर पात्रच आतून झिजले! यातून मिळाले ते हायड्रोफ्लोरिक आम्ल.

कारागिरांनी त्याला लवकरच कामाला जुंपले. काचेवर मेणाचा थर द्यायचा, सुईने नक्षी खरवडायची आणि वरून आम्ल. मेण वाचवते, उघडी काच झिजते. शुद्ध आम्लाची रेघ स्वच्छ, पारदर्शक येते. त्यात अमोनियम फ्लोराइड मिसळले, की दुधी. थर्मामीटरवरच्या बारीक खुणाही अशाच कोरत. आम्ल ठेवायला शिशाची नाहीतर गटापर्चाची बाटली लागे. इंग्लंडमध्ये जॉन नॉर्थवूडने प्राचीन रोमच्या पोर्टलँड कलशाची काचेतली प्रतिकृती केली. त्या कामाला तीन वर्षे लागली, १८७६ साली ते संपले.

या सौंदर्याचा हिशेब फार कोणी मांडत नाही. या आम्लातले फ्लोरिन वेगळे काढण्याच्या नादात बेल्जियमचा पोलँ लुयेत १८५० साली आणि नान्सीचा झेरोम निकलेस १८६९ साली प्राणाला मुकला. शेवटी १८८६ साली आंरी म्वासाँला ते साधले. हे आम्ल कातडीतून आत शिरते आणि शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. सौम्य असेल तर तासन् तास वेदनाही होत नाही. दुखू लागते तेव्हा इजा हाडापर्यंत गेलेली असू शकते.

आता घरी पेले सजवायला काच कोरण्याचे मलम मिळते. स्टेन्सिल चिकटवा, मलम लावा, थोड्या वेळाने धुवा. त्यात बहुधा अमोनियम बायफ्लोराइड असते, म्हणजे त्याच कुळातला क्षार. म्हणून हौस जरूर करा. पण रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. मलम हाताला लागले, तर भरपूर पाण्याने धुवून, दुखायची वाट न पाहता डॉक्टर गाठा आणि डबी सोबत न्या. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात.