विजयाच्या बागा आणि 1942 चा वसंत

आपल्याकडे पेरणीचं सगळं गणित पावसावर. अमेरिकेत ते थंडीवर. पहाटे दंव गोठून कोवळी रोपं जाळणारा शेवटचा फ्रॉस्ट साधारण कधी पडतो, ती तारीख धरायची आणि तिथून मागे आठवडे मोजत यायचं. प्रोजेक्ट प्लॅनच म्हणा ना! मी सध्या सिअ‍ॅटलला ऑनसाइट आहे. इथे फेब्रुवारीअखेरपासून वाटाणे, मुळे, पालक थेट जमिनीत पेरतात. टोमॅटोचं बी घरात ट्रेमध्ये रुजवतात, आणि ती रोपं बाहेर जातात मेच्या मध्यावर. त्याआधी हिरवळ खणून काढायची, माती मुठीत दाबून बघायची (गोळा सुटला नाही तर ती अजून ओली आहे, थांबा), कंपोस्ट मिसळायचं. पावसाने इथली माती आम्ल होते, म्हणून थोडा चुना.

हे सगळं शिकताना विकांताला जालावर भटकत होतो, आणि 'व्हिक्टरी गार्डन' हा शब्द वारंवार भेटायला लागला. त्यावरूनच आजचा लेख.

कल्पना पहिल्या महायुद्धातली. 1917 च्या मार्चमध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या थोडंच आधी, चार्ल्स लेथ्रॉप पॅक या लाकूडव्यवसायातल्या धनिकाने नॅशनल वॉर गार्डन कमिशन काढलं. युरोपातले शेतकरी खंदकात, शेतं ओसाड. तेव्हा अमेरिकेतल्या घराघराने आपली भाजी आपण पिकवली तर शेतातलं धान्य मित्रदेशांना पाठवता येईल, असा साधा हिशोब.

दुसऱ्या महायुद्धात हिशोब बदलला. जपानने मलाया घेतला आणि कथिलाचा मोठा स्रोत गेला. कथिल नाही म्हणजे डबे नाहीत, आणि डबाबंद भाजी तर अमेरिकन स्वयंपाकघराचा कणा. खताचीही तीच गत, कारण नायट्रोजन स्फोटकांना हवा होता. 1 मार्च 1943 पासून डबाबंद भाज्या-फळांवर रेशन आलं. गंमत म्हणजे, सरकारी कृषी खातं सुरुवातीला या बागांबद्दल फारसं उत्साही नव्हतं. हौशी लोक बी आणि खत वाया घालवतील, ही त्यांची भीती. पण लोक ऐकायला तयार नव्हते. 1943 मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसच्या आवारातच भाजी लावली. त्या वर्षी देशात सुमारे 2 कोटी बागा होत्या, आणि ताज्या भाजीचा साधारण 40 टक्के वाटा त्यांचा होता असा अंदाज सांगितला जातो. बॉस्टनमधल्या फेनवेच्या 1942 च्या बागा तर आजही आहेत.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. वाचायलाही छान वाटते. पण त्याच वसंतातली दुसरी गोष्ट सिअ‍ॅटलहून फेरीने जेमतेम पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

बेनब्रिज बेटावर जपानी कुटुंबं स्ट्रॉबेरी पिकवायची. रान तोडून, झाडांचे बुंधे उपटून त्यांनी ती जमीन तयार केलेली. पहिल्या पिढीला कायद्याने नागरिकत्व मिळत नव्हतं, आणि वॉशिंग्टन राज्याच्या 1921 च्या कायद्याने जमीनही घेता येत नव्हती. म्हणून बरेच जण इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर घ्यायचे. (आपणही याच रांगेत होतो बरं का. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, ते दार उघडलं 1946 मध्ये.)

19 फेब्रुवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली. 24 मार्चला बेटावर नोटिसा लागल्या. सहा दिवसांची मुदत, आणि हातात मावेल तेवढंच सामान. 30 मार्चला 227 जणांना सैनिकांच्या पहाऱ्यात फेरीवर चढवलं. स्ट्रॉबेरी तोडायला येते जूनमध्ये. म्हणजे खुरपणी झाली, खत घातलं, आणि फळ धरायच्या वेळी मालक नाही. काहींची शेतं त्यांच्याकडे काम करणाऱ्या फिलिपिनो मजुरांनी सांभाळली, म्हणून वाचली.

पश्चिम किनाऱ्यावरून असे सुमारे 1,20,000 लोक हलवले गेले, त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. स्ट्रॉबेरी, टोमॅटो, सेलरी अशा पिकांत या शेतकऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांना बजावलेलं की जाईपर्यंत पिकाची हयगय केली तर तो घातपात समजला जाईल! इकडे सरकार नवख्यांना वाफा कसा करायचा याची पत्रकं वाटतंय, आणि ज्यांना माती कळते त्यांना ट्रेनमध्ये बसवतंय.

बेनब्रिजचे लोक पोचले कॅलिफोर्नियातल्या मँझनारला. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ सफरचंदाची बाग. पूर्वी तिथे खरंच फळबागा होत्या. लॉस एंजेलिस शहराने पाण्यासाठी जमिनी विकत घेतल्या आणि गाव उठलं. उरली धूळ, वारा, आणि वाळत चाललेली झाडं. या लोकांनी तिथे काय केलं? ती जुनी सफरचंदाची आणि पेअरची झाडं छाटून, पाणी घालून पुन्हा फळाला आणली. बराकींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत वाफे पाडले. त्या वाफ्यांनाही नाव तेच, व्हिक्टरी गार्डन. विजय नक्की कोणाचा, हे विचारायची सोय नव्हती.

1988 मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर दिले. मुलांच्या नावावर जमीन घेणारी ती पहिली पिढी तोवर बहुतेक संपली होती. बेनब्रिजला आज त्या धक्क्यापाशी देवदाराची लांब भिंत आहे, बेटावरच्या सगळ्या 276 जणांची नावं कोरलेली. जमल्यास मार्चच्या शेवटी जा. इथल्या बागांत तेव्हा वाटाणे नुकते वर आलेले असतात. ती माणसं गेली तेव्हा त्यांच्या मागे काय काय उगवत होतं, ते आपोआप लक्षात येतं.