जागचा विस्तव आणि चालती भूमी

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने भेगांतून बाहेर पडला. मात्र तो ज्या विस्तवातून आला तो विस्तव, बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते, आज साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर, हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटाखाली धुमसत आहे. विस्तव हलला नाही, भूमी हलली. सह्याद्रीच्या कड्यावर पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचलेले थर दिसतात, दोन थरांमध्ये अनेकदा तांबड्या मातीचा पट्टा असतो, आणि हा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधल्या स्वस्थ काळात झिजलेला खडक होय. या खडकांचे ‘ट्रॅप’ हे नावही पायरीच्या स्वीडिश शब्दावरूनच आले.

भूकवचाखालच्या प्रावरण नावाच्या जाड थरातून अतिउष्ण खडक सावकाश वर येत राहतो आणि पृष्ठभागाजवळ दाब घटल्याने अंशतः वितळतो. अशा स्थानास तप्तबिंदू म्हणतात. त्यावरून भूपट्ट, म्हणजे कवचाचा फिरता तुकडा, सरकत असल्याने ज्वालामुखी उगमापासून तुटून विझतो आणि त्याच्या मागे नवा उभा राहतो. ही कल्पना हवाई बेटांच्या संदर्भात टूझो विल्सन यांनी १९६३ मध्ये मांडली, आणि १९७१ मध्ये जेसन मॉर्गन यांनी तिला प्रावरणाच्या खोल भागातून उठणाऱ्या उष्ण स्तंभाची जोड दिली. असे स्तंभ खरोखर आहेत का, याविषयी काही अभ्यासक आजही साशंक आहेत. तथापि खडकांच्या वयांचा क्रम सहजासहजी झटकून टाकता येत नाही.

१९८७ मध्ये हिंदी महासागराच्या तळाशी केलेल्या वेधनात मालदीवच्या कटकावरील, म्हणजे समुद्रतळाच्या डोंगररांगेवरील, बेसाल्ट हा काळा पाषाण सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, तर त्याच्या दक्षिणेच्या चागोस बेटांजवळचा सुमारे ४.९ कोटी वर्षांचा निघाला. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक ८० ते ९० लाख वर्षांचे आहेत, आणि रियुनियन तर समुद्राबाहेर येऊन जेमतेम २० लाख वर्षे झाली असावीत. लक्षद्वीप आणि मालदीव येथे मात्र ज्वालामुखी कुठेच दिसत नाही, कारण थंड होत गेलेला भूपट्ट जड होऊन खचत गेला, लाटांनी शिखरे कापली आणि बुडत्या माथ्यांवर प्रवाळांनी कंकणद्वीपे बांधली. खचत्या बेटांभोवती प्रवाळ वर वाढत राहतात, हे चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्येच ओळखले होते, तेही भूपट्टांची कल्पना नसताना.

महाराष्ट्रापासून रियुनियनपर्यंतची ज्वालामुखींची ही रांग अखंड नाही. सुमारे साडेतीन ते चार कोटी वर्षांपूर्वी मध्य-महासागरी कटक, म्हणजे जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर होतात ती समुद्रतळाची शिवण, या तप्तबिंदूवरून सरकली. त्यामुळे चागोसपर्यंतचा जुना भाग भारतीय भूपट्टाबरोबर उत्तरेकडे गेला, तर मॉरिशस आणि रियुनियन आफ्रिकी भूपट्टावर घडली. रियुनियनवरील पिताँ द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही वारंवार जागा होतो, आणि १९७७ मध्ये त्याचा लाव्हा सेंत-रोज येथील चर्चला वेढून दारातच थिजला.

याच तप्तबिंदूने घडवलेल्या मॉरिशसच्या उसाच्या शेतांत बेसाल्टच्या धोंड्यांचे उंच ढीग आजही उभे दिसतात. १८३४ नंतर गिरमिटावर गेलेल्या भारतीय मजुरांनी, ज्यांत रत्नागिरीकडचे मराठी कोकणीही होते, ते धोंडे हातांनी वेचून शेते मोकळी केली.