हद्दीचे दगड

गेल्या रविवारी चिरनेरला एका चहाच्या टपरीला सायकल टेकवली आणि हेल्मेट काढायच्या आत बाकड्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "मोजनीला आलाव का?"

म्हटलं, "नाही हो आजोबा, सायकल चालवायला आलोय." त्यांचा काही विश्वास बसला नाही. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. हँडलवर नकाशा दाखवणारा फोन, अंगात भडक पिवळं जर्किन, जाड टायरांची सायकल आणि दर अर्ध्या किलोमीटरवर थांबून डोंगराचे फोटो काढणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी कोणी शहाणा असलं काही फुकटात करेल असं मलाही वाटलं नसतं.

तर मंडळी, आजोबांनी नेमका हाच प्रश्न का विचारला ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे साधारण पाचशे वर्षं.

माझा राइडचा बेत साधा होता. पनवेल, शिरढोण, कर्नाळा, आपटा, खारपाडा, साई, चिरनेर आणि गव्हाण फाट्यावरून परत. साठ-पासष्ट किलोमीटर. जमेल तिथे डांबरी सोडून बैलगाडीच्या वाटेने जायचं. जुन्या राज्यांच्या सीमा कुठून जात होत्या हे पुस्तकात बरंच वाचलं होतं, ते एकदा जमिनीवर बघावं असं डोक्यात होतं. आम्हा पनवेलकरांसाठी कर्नाळा म्हणजे शाळेची सहल आणि पनवेल म्हणजे एसटी स्टँड. आपलं गाव कधी काळी सरहद्दीवरचं होतं हे शाळेत कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

पण होतं. आणि एकदा नव्हे, दोनदा. सोळाव्या शतकात करंजा बेटावर, म्हणजे आजच्या उरणच्या बाजूला, पोर्तुगीज येऊन बसले. मुख्य जमिनीवर आधी निजामशाही आणि पुढे मराठे. मध्ये खाडी. १७३७ ते १७३९ च्या चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत पोर्तुगीज इथून गेले. वाटलं संपली सरहद्द. पण १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी ठाणे घेतलं, साष्टीबरोबर करंजाही त्यांच्याकडे गेलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ते त्यांच्याकडेच कायम झालं. म्हणजे पुन्हा खाडीपलीकडे इंग्रज, अलीकडे पेशवे. १७७८ च्या अखेरीस पुण्यावर निघालेलं मुंबईचं इंग्रज सैन्य पनवेललाच उतरलं होतं. तिथून बोरघाट चढून वडगाव, आणि तिथे जानेवारी १७७९ मध्ये त्यांना मान खाली घालून तह करावा लागला. आपला इष्टुर फाकडा याच स्वारीत कार्ल्याजवळ पडला. ज्या खाडीच्या पुलावरून रोज ऑफिसची बस जाते तिच्या तोंडाशी हे सगळं घडलेलं आहे. बसमध्ये आपण झोपलेलो असतो तो भाग वेगळा.

असो. शिरढोणला वासुदेव बळवंत फडके यांच्या गावी पाच मिनिटं थांबून पुढे निघालो. फडक्यांचा जन्म इथे १८४५ चा. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने किल्ला घेतला आणि किल्लेदारी संपली. नातू साठ वर्षांनी त्याच सरकारविरुद्ध उठला आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात गेला. हमरस्त्यावरून जाताना शिरढोणची पाटी आणि लगेच पुढे कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका एकाच नजरेत येतात. गाडीतून हे लक्षात येत नाही. चढावर धापा टाकत सायकल मारताना येतं.

कर्नाळ्याची सगळ्यात मजेशीर गोष्ट १५४० ची. हा किल्ला आणि पलीकडचा पेणजवळचा सांकशी किल्ला तेव्हा गुजरातच्या सुलतानाकडे होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने ते घेतले. गुजरातच्या माणसांनी वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे, फ्रान्सिस्को द मेनेझेसकडे, धाव घेतली. त्याने किल्ले परत जिंकून दिले. निजामशहाने पुन्हा फौज पाठवली. गुजरातची माणसं किल्ले पोर्तुगीजांच्या हवाली करून निघून गेली. आता पोर्तुगीजांकडे दोन डोंगरी किल्ले आले, पण त्यांचा सगळा जीव समुद्रात. डोंगरावर शिबंदी पोसायची, धान्य चढवायचं, आणि मिळकत काय, तर शून्य. शेवटी त्यांनी वर्षाला पाच हजार सोन्याचे परदाव घेण्याच्या बोलीवर दोन्ही किल्ले निजामशहालाच देऊन टाकले. आमच्या भाषेत, मेंटेनन्स परवडेना म्हणून वार्षिक फी ठरवून प्रोजेक्ट क्लायंटच्या गळ्यात मारलं!

पुढचं भराभर सांगतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये तो परत आला. मराठ्यांनी म्हणे मातीचे आडोसे पुढे पुढे रचत जाऊन तो घेतला. नंतर पुन्हा मोगल, मग पेशवे, मग प्रॉथर. पायथ्यापासून वर बघत हा हिशोब मांडला तेव्हा जाणवलं की एवढ्या राज्यांची सीमा इथून गेली, पण सीमा अशी दिसत कुठेच नाही. एक सुळका, पाण्याची टाकी, पडका दरवाजा. १९६८ पासून इथे पक्षी अभयारण्य आहे. किल्ला कोणाकडे याच्याशी पायथ्याच्या गावांचा संबंध बहुधा सारा कोणाला द्यायचा एवढाच आला असेल. जंगलात लाकूडफाट्याला जायची वाट तीच राहिली.

आपटा फाट्यावरून आत वळलो आणि पाताळगंगा लागली. (आपटा स्टेशन तुम्ही पाहिलेलं आहे. 'दिलवाले दुल्हनिया'च्या शेवटची ट्रेन तिथलीच. त्या प्लॅटफॉर्मवर मी एकटाच केळं खात उभा होतो, हात द्यायला कोणी नव्हतं.) नदीला जानेवारीतही चांगलं पाणी असतं. कोकणातली एवढीशी नदी हिवाळ्यात अशी वाहते कशी, तर १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं वीजघर सुरू झालं. लोणावळ्याच्या धरणांतलं पाणी पाइपांतून घाटाखाली येतं, वीज करतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. म्हणजे जे पाणी पूर्वेला भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात गेलं असतं ते माझ्या समोरून धरमतरच्या खाडीकडे चाललं होतं. पाण्याचीही हद्द बदलता येते तर!

खारपाड्याहून साईच्या बाजूला वळल्यावर रहदारी संपली. दोन्हीकडे भाताची मोकळी शेतं, त्यात वालाचे मळे. पोपटीचा मोसम. एका बांधावर आदल्या रात्रीची राख आणि फुटलेलं मडकं पडलं होतं, भांबुर्डीचा वास अजून होता. पोटात कावळे ओरडत असताना हे बघणं म्हणजे छळ आहे. पुढे डांबरी सोडून डोंगराच्या कडेने लाल मातीची वाट धरली. इथे मात्र सायकलचं खरं काम होतं. मुळं, सुटे दगड, मध्येच सुकलेला ओढा. एका वळणावर चाक घसरलं म्हणून पाय टेकला तर शेजारी दगडांचा नीट रचलेला ढीग. थोड्या अंतरावर दुसरा. मग तिसरा. सगळे एका ओळीत, रानाच्या कडेकडेने.

जंगलखात्याची हद्द. सकाळपासून शोधत होतो ती सीमा शेवटी दिसली, पण ती कुठल्या राजाची नव्हती.

ही रेघ कागदावर आली १८७८ च्या वन कायद्याने. जंगलाचे तीन वर्ग झाले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. आता यात रागावण्यासारखं काय, असं आपल्याला फ्लॅटमध्ये बसून वाटतं. पण इथली भातशेती राबावर चालायची. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर झाडाचा टहाळ, पाला, शेण, गवत पसरायचं आणि पावसाआधी जाळायचं. त्या भाजलेल्या जमिनीत रोप धरतं. टहाळ आणायचा तो ऐन वगैरे झाडांचा, आणि ती उभी डोंगरावर आणि वरकस जमिनीत. हद्दीचे दगड पडले आणि आदल्या वर्षीपर्यंत जी शेतीची तयारी होती तिचा गुन्हा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढ्या तक्रारी गेल्या की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. आयोगाने दोन वर्षं साक्षी नोंदवल्या, अहवाल दिला. दगड जागेवर राहिले.

मग १९३०. मिठाचा सत्याग्रह पावसाळ्यात चालवता येईना, तेव्हा आंदोलन जंगलाकडे वळलं. १० जुलैला लोकनायक अण्यांनी पुसदला गवत कापून कायदा मोडला. ते लोण इथवर पोचलं. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेर आणि आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात मेलेल्यांमध्ये नाग्या कातकरी होता. आणि पनवेलचे मामलेदार जोशी, म्हणजे सरकारचाच माणूस, तेही त्याच दिवशी गोळी लागून गेले. त्यांचा गोळीबाराला विरोध होता असं गावात आजही सांगतात. महागणपतीच्या देवळात खिडकीच्या गजावर त्या दिवसाच्या गोळीची म्हणून एक खूण दाखवतात. मी बोट लावून पाहिलं. करंगळीचं टोक जेमतेम बसेल एवढा खळगा.

मला राहून राहून आश्चर्य नाग्याचं वाटलं. आपल्याकडे हुतात्म्यांच्या यादीत कातकऱ्याचं नाव सहसा नसतं. कातकरी म्हणजे खैराचा कात पाडणारा. ज्याला शेत नाही त्याचं सगळं पोट डोंगरावर. दगडांच्या त्या ओळीने सगळ्यात जास्त कोणाचं गेलं ते या एका नावावरून कळतं. आणि प्रत्येक सरकारी कागदावर तो तेव्हा जंगलाचं नुकसान करणारा इसम होता.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने अधिसूचना काढली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र, आणि एमएमआरडीए तिथलं नवनगर विकास प्राधिकरण. पेपरवाले याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. सरकारी नाव आहे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. मी मार्ग आखला तेव्हा हे डोक्यातही नव्हतं, पण माझी रविवारची राइड आणि या नव्या शहराचं नाव एकच निघालं! अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. शहर इकडे येणार हे उघड होतं. गावांनी हजारो हरकती दिल्या आहेत. १८८५ सालीही दिल्या होत्या.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मी काही धुतल्या तांदळाचा नाही. मी राहतो ती बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे तिथेही भात पिकत होता, आणि सेतू झाल्यावर मुंबई जवळ आली म्हणून आनंद झालेल्यांत मीही आहे. म्हणून 'गावकऱ्यांवर अन्याय' वगैरे लिहायला हात धजत नाही. पण रेघ मारणाऱ्याच्या नकाशात राब नसतो आणि वरकस म्हणजे नुसती पडीक जमीन असते, हे त्या दिवशी दिसलं ते लिहायला हरकत नसावी.

आजोबांना मी फोनवर गावांची यादी उघडून दाखवली. त्यांना अक्षर दिसेना, म्हणून वाचून दाखवली. पन्नासेक नावं ऐकल्यावर त्यांनी थांबवलं.

"गावाचा नाव मना ठाव हाय. डोंगराखालची वरकस धरली का नाय, ता बघ."

यादी गावांची होती. मग नकाशा उघडला. झूम केलं तशी रेघ जाड होत गेली आणि तिच्याखाली डोंगराचा पायथा झाकला गेला. आजोबांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"तू खराच मोजनीचा नाय," ते म्हणाले आणि टपरीवाल्याला माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

पैसे त्यांनीच दिले. डोक्यावरून एक विमान खाली उतरत होतं. गव्हाण फाट्यापर्यंत वारा समोरून होता.