ऊन, पांढरा रंग आणि मळलेले पाणी

उन्हाकडून पाण्यावर काम करून घेणे पेणकरपाडा-भाईंदरच्या परिसराला नवे नाही. मिठागरात भरतीचे पाणी अडवितात. ऊन पाणी उचलून नेते आणि मीठ मागे ठेवते. आज ज्या विद्येची हकीकत सांगायची आहे तिचे काम नेमके उलटे. पाणी जागीच राहावे आणि त्यातला मळ तेवढा उन्हाने नाहीसा व्हावा, असा तिचा खटाटोप आहे.

उन्हाने पाणी सुधारते ही समजूत जुनी. शरदात दिवसा सूर्याने तापलेल्या व रात्री चंद्राने निवालेल्या निर्मळ पाण्याला चरकसंहितेने हंसोदक म्हटले. डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ साली सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगाने दाखविले. पण नुसत्या उन्हाला रसायनांचा मळ सहसा दाद देत नाही. तेथे मध्यस्थ लागतो, आणि तो सापडला रंगाच्या डब्यात!

टिटॅनियम डायॉक्साइड हे पांढऱ्या रंगात घालण्याचे द्रव्य. त्याचे एक खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आहे. हा रंग दिलेल्या भिंतीवर वर्षे दोन वर्षे ऊन पडले की हात लावताच पांढरी पूड निघे. १९३८ साली गुडीव्ह आणि किचनर यांनी या द्रव्याच्या सान्निध्यात उजेडाने रंगद्रव्ये कशी विटतात याचा अभ्यास केला. रंगवाल्यांच्या लेखी हा दोषच होता; त्यांनी कणांवर दुसऱ्या द्रव्यांचा लेप चढवून तो आवरला. रंगाला खाणारी ही शक्ती सांडपाण्यातल्या रंगालाही खाईल, हा विचार पुढे यायला मात्र बराच काळ जावा लागला.

१९६७ साली टोकियो विद्यापीठात फुजिशिमा हा विद्यार्थी होंडा या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करीत होता. पाण्यात बुडविलेल्या टिटॅनियम डायॉक्साइडच्या स्फटिकावर प्रकाश पडताच त्यावर बुडबुडे येऊ लागले. तो प्राणवायू होता. पाणी फुटत होते. १९७२ साली हे संशोधन 'नेचर'मध्ये छापून आले. पुढच्याच वर्षी तेलाची टंचाई उद्भवली आणि जो तो या मार्गाने जळण म्हणून हायड्रोजन मिळविण्याच्या मागे लागला. पाणी धुण्याची गोष्ट त्या गर्दीत थोडी मागे राहिली. तरी १९७७ साली फ्रँक आणि बार्ड यांनी याच पुडीने पाण्यातले सायनाइड नष्ट करून दाखविले. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात असणारे हेच ते विष.

हे घडते कसे? जंबुपार किरण कणावर आदळला की एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो व मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यापासून इलेक्ट्रॉन हिसकावते. त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत उतावळा रेणुखंड निपजतो. रंग, तेल, औषधे यांचे रेणू तो तोडत जातो. काम पुरे झाले तर शेवटी मुख्यतः कार्बन डायॉक्साइड आणि पाणी उरते. पूड स्वतः खर्च होत नाही.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील शिंदे, भोसले व राजपुरे यांनी २०११ साली समुद्राच्या पाण्यावर, उन्हात, हाच प्रयोग केल्याचे प्रसिद्ध आहे. खाडीकाठच्या माणसाने त्याची दखल घ्यावी.

मग आपला नाला अजून काळाच का? उत्तर थोडे कडू आहे. उन्हातला जंबुपार भाग शेकडा चार-पाचच, आणि या पुडीला तेवढाच उपयोगी. नाल्याचे पाणी इतके गढूळ की किरण वीतभरही आत शिरत नाही. त्यातून बारीक पूड पाण्यात मिसळली तर ती परत गाळून घ्यायची कशी, हा वेगळाच घोर. शिवाय शिसे किंवा निकेल ही काही जळून जाणारी वस्तू नव्हे. म्हणून नाल्यात पूड टाकून तमाशा पाहू म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आधी गाळ बसवावा, मग जंतूंकडून जमेल तेवढा मळ खाववावा, आणि त्यांनाही न पचलेला रंग वा औषधाचा अंश या किरणांच्या हवाली करावा. स्पेनमध्ये आल्मेरिया येथे वक्र आरशांवर काचेच्या नळ्या मांडून त्यांतून असे पाणी फिरविण्याचे प्रयोग झाले आहेत. त्या नळ्या बारीकच ठेवाव्या लागतात. मिठागरवालाही पाणी उथळच पसरतो.