पोलिसांचा वायरलेस स्कॅनरवर का ऐकू येत नाही?

अमेरिकेत पोलिसांचा वायरलेस घरबसल्या ऐकण्याचा छंद जुना आहे. त्यासाठी स्कॅनर लागतो. हा रेडिओ एकेक चॅनेल तपासत जातो आणि बोलणं सुरू असेल तिथं थांबतो. आग, अपघात, गोळीबाराची पहिली खबर तिथले वार्ताहरही त्यावरच घेत.

पुढे वायरलेस डिजिटल झाला. पण डिजिटल म्हणजे कुलूपबंद नव्हे. तिथल्या पोलिसांच्या ‘पी-२५’ पद्धतीचं साधं बोलणं डिजिटल स्कॅनरवर ऐकू येतं. एन्क्रिप्शन केलं की मात्र विषय संपला. आवाजाचं आकड्यांत रूपांतर होतं आणि ते आकडे गुप्त किल्लीने बदलले जातात. किल्ली असते फक्त पोलिसांच्या संचात. ‘एईएस-२५६’ची किल्ली अंदाजाने शोधणं आजच्या संगणकांनाही जमत नाही. मग स्कॅनर कितीही महागडा घ्या, अँटेना कितीही उंच लावा, उपयोग नाही. फार तर चॅनेलवर वर्दळ आहे, एवढंच कळतं.

न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ मध्ये ब्रुकलिनपासून हे कुलूप लावायला सुरुवात केली. शिकागोत लोकांना ३० मिनिटं उशिराचं बोलणं ऐकायला ठेवलं. गुन्हेगार ऐकतात, पीडितांची नावं फुटतात, असं पोलीस सांगतात. आता पोलीस सांगतील तेवढंच कळणार, ही वार्ताहरांची तक्रार.

आपल्याकडे हा छंद अंगाशी येऊ शकतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार बेकायदा संदेश पकडल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेडिओची हौस असेल तर परीक्षा देऊन हॅम परवाना काढता येतो. पण त्यावरही पोलिसांचं बोलणं ऐकायची मुभा नसते.