मुंबईहून व्हिएन्ना: एक सायकल-प्रवास

पुण्याहून पिरंगुटमार्गें टेमघरचा घाट चढून गेलें म्हणजे मोसे नदीच्या खोऱ्यांत लवासा हें नगर दृष्टीस पडतें. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं वसविलेल्या ह्या नगराच्या पाण्याकाठच्या रंगीत इमारती इटलींतील पोर्तोफिनो ह्या बंदराच्या धर्तीवर उभारिलेल्या आहेत. सुटीच्या दिवशीं पुण्याचे सायकलस्वार तो घाट चढतात, युरोपची ही प्रतिकृति पाहतात आणि सायंकाळीं घरीं परततात. परंतु शंभर वर्षांपूर्वीं मुंबईचे कांहीं तरुण सायकलीवर बसून थेट खऱ्या युरोपांत गेले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं.

दि. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेस निघाले. वाटेंत तिघे गळले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मात्र इराण व इराकचीं वाळवंटें आणि आल्प्सचे बर्फाळ घाट ओलांडून, युरोप, अमेरिका, जपान व चीन पाहून, सुमारें ७१,००० किलोमीटरांची मजल मारून १९२८ सालीं परत आले.

हे सहाजण निघून तीन महिने होतात न होतात तोंच, जानेवारी १९२४ मध्यें, फ्रामरोझ दावर नांवाचे क्रीडा-पत्रकार एकटेच त्याच मार्गास लागले. सोबतीस कोणी नाहीं, पाठीशीं सरकार नाहीं. असे सुमारें अकरा महिने गेल्यावर ते व्हिएन्ना शहरीं पोहोंचले.

त्या वेळचा मध्य युरोप म्हणजे मोडलेल्या घराचें अंगण होतें. पांच कोटींहून अधिक प्रजेचें ऑस्ट्रिया-हंगेरीचें साम्राज्य १९१८ सालीं लयास गेलें होतें. त्याची राजधानी आतां सुमारें पासष्ट लक्ष वस्तीच्या एका लहानशा प्रजासत्ताकाच्या वांट्यास आली होती. चलन इतकें घसरलें होतें कीं, १९२४ च्या अखेरीस ठरलेल्या नव्या शिलिंग नाण्याची किंमत दहा हजार जुन्या क्रोनांएवढी धरावी लागली. १९१४ पूर्वीं जेथें बहुधा पासपोर्टावांचून फिरतां येई, तेथें आतां प्रत्येक नव्या सीमेवर तो दाखवावा लागे. तरीहि ह्याच प्रदेशांतील तरुणांत भ्रमंतीची आवड जिवंत होती. पाठीवर पिशवी टाकून रानोमाळ हिंडावें, तंबूंत रात्र काढावी, ही रीत जर्मन भाषक मुलुखांत महायुद्धापूर्वींच रुजली होती. रिचर्ड शिरमान ह्या शिक्षकानें आल्टेना येथील किल्ल्यांत १९१२ सालीं तरुण वाटसरूंसाठीं निवासगृह काढलें, तें ह्याच आवडीपोटीं.

अशा व्हिएन्नांत दावर ह्यांस गुस्ताव्ह स्तावयानिक हा ऑस्ट्रियन सायकलस्वार भेटला. एक परतंत्र देशाचा प्रजाजन, दुसरा हरलेल्या साम्राज्याचा नागरिक. दोघांनीं मिळून युरोप पालथा घातला, सहारा ओलांडलें, अँडीज पर्वत चढले आणि ॲमेझॉनच्या अरण्यांतून वाट काढली. १९३१ सालीं दावर मुंबईस परतले, तेव्हां सात वर्षें, बावन्न देश आणि सुमारें १,१०,००० किलोमीटर त्यांच्या खातीं जमा होते.

ह्या प्रवासाचें महत्त्व केवळ ह्या आंकड्यांत नाहीं. त्यापूर्वींहि हिंदी माणसें युरोपांत जात. परंतु शिपाई सेनापतीच्या हुकुमानें जाई, विद्यार्थी पदवीसाठीं जाई, खलाशी पोटासाठीं जाई. कुतूहल हेंच कारण आणि स्वतःचे पाय हेंच साधन, असा प्रवासी विरळा. शतकानुशतकें युरोपीय प्रवाशांनीं हिंदुस्थान पाहावा आणि त्यावर ग्रंथ लिहावे, असा क्रम चालत आला होता. दावर ह्यांनीं सायकलीवरून युरोप पाहिला आणि आपल्या प्रवासावर स्वतः ग्रंथ लिहिले. पाहणारा कोण आणि पाहिला जाणारा कोण, हा क्रम तेथें उलटला. आणि तोहि कोणाशीं वैर न धरतां, एका परक्या सोबत्याशीं मैत्री जोडून.

टेमघरचा घाट चढतांना ज्या सायकलस्वाराचा श्वास फुलतो, त्यानें क्षणभर थांबून मागें वळून पाहावें. खालीं दिसणारी ही वाट लवासाला संपत असली, तरी तसल्याच एका वाटेनें मुंबईचा एक माणूस व्हिएन्नापर्यंत गेला होता.