भांग, औषधी (आतड्यांच्या जुनाट विकारांत)

भांग, औषधी : (सं. विजया, भंगा, लॅ. कॅनाबिस सॅटायव्हा). कॅनाबेसी कुलातील या वर्षायू झुडपाची पाने, फुलोऱ्याचे शेंडे आणि राळ यांचा रोगावर होणारा उपयोग. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुललेले शेंडे म्हणजे गांजा, खरवडून वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. झाड एकच असले तरी नावे तीन आहेत. पुढचा सगळा कायदा या तीन नावांभोवती फिरतो, म्हणून ती आधी पक्की ध्यानात घ्यावी.

प्रस्तुत नोंद संग्रहणी, क्रोहन रोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस, आयबीएस अशा वर्षानुवर्षे छळणाऱ्या पोटविकारांपुरती मर्यादित आहे. असा विकार असलेला रुग्ण धाराशिव जिल्ह्यातील परंडा येथे राहत असेल, तर त्याला हे औषध कायद्याने मिळू शकते का, हा तिचा मुख्य प्रश्न. अमेरिकेतील अनेक राज्यांत रोगांची यादी असते. यादीत रोग बसला की डॉक्टर दाखला देतो आणि रुग्णाला कार्ड मिळते. महाराष्ट्रात अशी यादी नाही आणि कार्डही नाही. येथे कायदा रुग्णाचा आजार विचारीत नाही, झाडाचे कोणते अंग हातात आहे ते विचारतो.

परंपरा : मध्ययुगीन आयुर्वेदग्रंथांत भांगेची पोटाशी असलेली ओळख फार जवळची आहे. भावप्रकाशाने तिला ग्राही (मल बांधणारी), पाचक आणि अग्निदीपक म्हटले, आणि मोह व मद वाढवणारी असेही लगोलग नोंदवले. शार्ङ्गधरसंहितेतील जातीफलादि चूर्ण हे ग्रहणीवरचे ठळक उदाहरण. जायफळ, लवंग, वेलची, सुंठ, मिरी, पिंपळी, चित्रक, वावडिंग इत्यादी द्रव्ये समभाग, त्या सर्वांच्या वजनाइतकी भांग, आणि या साऱ्या मिश्रणाइतकी साखर. हिशेब केला तर चूर्णाचा चौथा हिस्सा भांग निघते. जायफळ-वेलचीच्या वासाखाली ती जाणवत नाही. घरातल्या थोरांनी ‘पोटाचं चूर्ण’ म्हणून घेतलेल्या पुडीत काय होते हे पुष्कळदा घेणाऱ्यालाही ठाऊक नसे.

भांग वापरण्यापूर्वी तिचे शोधन सांगितले आहे. पाने पाण्याचा हिरवेपणा जाईपर्यंत धुवायची, वाळवायची आणि गाईच्या तुपात मंद परतायची. यातील रसायनशास्त्र पाहण्यासारखे आहे. मादक घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे धुण्याने माती, रंग व इतर द्रव्ये जातात, मद जात नाही. परतण्याच्या उष्णतेने उलट कच्च्या पानातील आम्लरूप घटकाचे टीएचसीत रूपांतर होते, आणि तूप ते धरून ठेवते. ‘शुद्ध केलेली’ म्हणजे ‘नशा काढलेली’ ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

पाश्चात्त्य वैद्यकात हे औषध भारतातूनच गेले. विल्यम ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या डॉक्टरने 1839 मध्ये कलकत्त्यात आपले प्रयोग मांडले. धनुर्वात आणि आचक्यांबरोबर पटकीच्या रुग्णांवरही त्याने भांगेचा अर्क वापरून पाहिला होता. 1893 मध्ये नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने 1,193 साक्षीदार तपासले आणि 1894 मध्ये अहवाल दिला. अतिसार, आव आणि अपचनावर भांग घेतली जाते, हे त्यात वारंवार आले. माफक सेवनाने उल्लेख करण्याजोगा अपाय होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक तेव्हा प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे परंड्याच्या शेजारीच, निघत असे.

परंडा आणि दोन राज्यांची आबकारी : निजामशाहीची काही काळ राजधानी असलेले, भुईकोट किल्ल्याचे हे गाव पुढे हैदराबाद संस्थानात होते. जवळची बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. बैलगाडीच्या एका दिवसाच्या वाटेवर नशेचे दोन कायदे लागू होते: तिकडे 1878 चा मुंबई आबकारी कायदा, इकडे निजामाचे आबकारी खाते. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम (आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) राज्यपुनर्रचनेनंतर येथेही लागू झाला. दवाखान्यासाठी आणि बाजारासाठी परंडेकर आजही बार्शीलाच जातो. जिल्ह्याची हद्द मधे आहे, कायद्याची आता नाही.

आजचा कायदा : गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 (सर्वांच्या तोंडी ‘एनडीपीएस’) 14 नोव्हेंबर 1985 रोजी अमलात आला. त्याच्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात. गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पाने आणि बिया त्यातून स्पष्ट वगळल्या आहेत. ही वगळणूक 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली. पानांना त्या कराराने बाहेर ठेवले होते, आणि भारतात होळी-महाशिवरात्रीचा घोटा टिकला तो याच फटीतून. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका जामीन अर्जावर हाच अर्थ लावला.

पण केंद्राने सोडलेले पान राज्याने सोडलेले नाही. महाराष्ट्राच्या दारूबंदी अधिनियमात मादक द्रव्ये व भांगेचे झाड यांचाही समावेश आहे, आणि परवान्याशिवाय ती बाळगणे गुन्हा ठरतो. उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात भांगेचे सरकारमान्य ठेके दिसतात. ते पाहून आलेल्या माणसाने परंड्याच्या बाजारात तशी अपेक्षा धरू नये.

एनडीपीएसचे आठवे कलम ‘वैद्यकीय किंवा शास्त्रीय प्रयोजन’ अपवाद म्हणून सांगते. रुग्णांची आशा नेमकी या चार शब्दांवर अडकते, आणि येथेच घोटाळा होतो. हा अपवाद कायदा, नियम व परवाने यांनी आखून दिलेल्या मर्यादेतच चालतो. दहावे कलम राज्य सरकारला लागवड व उत्पादनाचे नियमन करण्याचा अधिकार देते, पण रुग्णाला गांजा देण्याची कोणतीही योजना महाराष्ट्राने त्याखाली केलेली नाही. त्यामुळे कोलोनोस्कोपीचा अहवाल, इस्पितळाचे डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरची चिठ्ठी यांपैकी काहीही खिशात असले तरी गांजाची पुडी कायदेशीर होत नाही. गांजाचे ‘अल्प प्रमाण’ 1 किलोपर्यंत आणि ‘व्यापारी प्रमाण’ 20 किलोंपासून पुढे धरतात. अल्प प्रमाणासाठी 1 वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणासाठी किमान 10 वर्षे. नुसत्या सेवनालाही 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परसात एकच रोप ‘औषधापुरते’ लावणे ही लागवडच; तिला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. उसात किंवा तुरीत लपवलेली झाडे उपटल्याच्या बातम्या या पट्ट्यातील वाचकाला नवीन नाहीत, आणि तेथे ‘पोटासाठी लावलं होतं’ हा बचाव चालत नाही.

वेदनेच्या बाबतीत हाच कायदा बराच मऊ झाला आहे. 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसारखी ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ मान्यताप्राप्त रुग्णालयांतून मिळण्याचा मार्ग सोपा केला. गांजाला त्या यादीत स्थान नाही. अफूच्या अर्काला इस्पितळात मान आणि भांगेच्या फुलाला कोठडी, ही विसंगती इतिहासातून आली आहे. औषधशास्त्रात तिला फारसा आधार सापडत नाही.

उघडा असलेला मार्ग : तो आयुर्वेदाचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील अनुसूची ई(1) मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. बचनाग, कुचला, धोत्रा यांच्या पंगतीत तेथे विजया बसली आहे, बिया वगळून. अशा द्रव्याचे औषध परवानाधारक कारखान्यातच तयार व्हावे लागते. महाराष्ट्रात हा उत्पादन परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सावधगिरीची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. नोंदणीकृत वैद्याने चिठ्ठी लिहायची, रुग्णाने बिल घेऊन विकत आणायचे. परंड्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी, धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बार्शी-सोलापुरातील वैद्यांकडे असा सल्ला घेता येतो. आजार कोणता असावा याचे बंधन येथेही नाही, निर्णय वैद्याचा.

अलीकडे भांगेच्या पानांपासून काढलेली ‘विजया तेले’ आणि वड्या मोबाईलवरून मागवता येतात. काही विक्रेते दोन मिनिटांच्या फोनवर चिठ्ठीही करून देतात. कागद पुरा होतो. पोट कोणी तपासलेले नसते. 2021 पासून भांगेच्या बिया, बियांचे तेल व पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता आहे. बियांच्या तेलात मादक घटक नाममात्र असतो आणि औषधी कॅनाबिनॉइडेही जवळपास नसतात, म्हणून ते क्रोहनवरचे औषध म्हणून घेणे आणि करडईचे तेल घेणे यांत रोगाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. किमतीत आहे.

गुण किती : टीएचसीची रचना 1964 मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. पुढे मेंदूत व आतड्याच्या मज्जाजालात तिचे ग्राहक (रिसेप्टर) सापडले. शरीर स्वतःच तयार करते तो तत्सम रेणू 1992 मध्ये हाती आला. त्याला ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून ‘आनंदमाइड’ नाव दिले. आतड्यातील हे ग्राहक चेतले की आतड्याची हालचाल आणि स्राव मंदावतात, मुरडा व मळमळ उतरते. भावप्रकाशातील ‘ग्राही’ या शब्दाचे हे आधुनिक भाषांतर म्हणता येईल. पण आतड्याची सूज उतरणे ही वेगळी गोष्ट. इस्रायलमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रोहनचे 21 रुग्ण होते. आठ आठवडे गांजा ओढणाऱ्या 11 पैकी 10 जणांची लक्षणे लक्षणीय कमी झाली, खोट्या सिगारेटवरच्या 10 पैकी 4 जणांची. रोग पूर्ण शमल्याचे प्रमाण 5 विरुद्ध 1 होते, मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, आणि रक्तातील दाहाच्या खुणांतही सुधारणा दिसली नाही. 2018 च्या कॉक्रेन समीक्षांनी क्रोहन व कोलायटिस दोन्हींबाबत पुरावा अनिश्चित ठरवला. रुग्णाला बरे वाटते हे खरे. आतडे बरे होते असे अजून दाखवता आलेले नाही.

आपल्याकडे याला एक जास्तीची धार आहे. भारतात आतड्याचा क्षय आणि क्रोहन रोग एकमेकांसारखे दिसतात. दुर्बिणीतून तुकडा काढून तपासला तरी कधीकधी निदान डळमळते. ताप, वजन घटणे, पोटदुखी, अधूनमधून जुलाब, ही लक्षणे दोहोंत सारखीच. भांगेने दुखणे दबले आणि भूक लागली म्हणून रुग्ण सहा महिने घरी बसला, आणि मुळात तो क्षय निघाला, तर आतडे आकसून बंद पडेपर्यंत वेळ जाऊ शकतो. म्हणून निदान आधी, विजया मागून. सरकारी दवाखान्यात क्षयाचे उपचार मोफत आहेत.

चिलमीचा प्रश्न निराळा. गावाकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, आणि तंबाखूने क्रोहन रोग हमखास बळावतो. पोटातून घेतलेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढते. ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा डोस घेणारा तिथेच फसतो. दीर्घकाळ रोज सेवन करणाऱ्या काहींना पुनःपुन्हा अनावर उलट्या होतात. 2004 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. कढत पाण्याने अंघोळ केली की त्यांना तात्पुरते बरे वाटते, ही त्याची विचित्र खूण. रुग्ण मात्र तो जुनाच पोटविकार समजून आणखी भांग घेतो. गर्भवती, मनोविकाराचा इतिहास असलेले आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी हे द्रव्य टाळलेले बरे.

परदेशस्थ मराठी कुटुंबे : न्यू जर्सीचा वैद्यकीय गांजाविषयीचा कायदा जानेवारी 2010 मध्ये झाला, आणि क्रोहनसह आतड्यांचे दाहक विकार त्याच्या मूळ यादीतच होते. त्या राज्यातील एडिसनमध्ये राहणाऱ्या रुग्णाला तेथे कार्ड मिळू शकते. परंड्यातल्या त्याच्या भावाला त्याच निदानावर ते मिळणार नाही. सुट्टीत गावी येताना तिकडच्या गांजाची बाटली सामानात आणली, तर मुंबईच्या विमानतळावर ती आयात ठरते. एनडीपीएसचे 23 वे कलम तेथे लागते, आणि न्यू जर्सीचे कार्ड दाखवून सुटका होत नाही.